अकरा गोल आणि शेवटचा नंबर

"ताई, तू पेपरात लिहितं ना? मंग सांग. देऊन टाकाव का याले?"

विचारणारा कबड्डी मंडळाचा खजिनदार. 'याले' म्हणजे माझा मामेभाऊ. स्थळ, नेरच्या बसस्टँडजवळची आलूबोंड्याची गाडी. आणि ज्याला देऊन टाकायचं की ठेवायचं यावर चर्चा रंगली होती तो स्वतः बाजूलाच उभा राहून शांतपणे तर्री भुरकत होता. जणू विषय शेजारच्यांच्या म्हशीचा चाललाय!

नेर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, नेर परसोपंत. (धुळ्याजवळही एक नेर आहे आणि पुण्यातले माझे मित्र दरवेळी मला तिकडचीच समजतात. असो.) हे माझं आजोळ. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, चहूकडे कापूस, सोयाबीन, तूर. सोयाबीन निघालं की मोकळ्या जागांवर चुन्याच्या रेघा पडतात आणि थंडीभर कुठे ना कुठे कबड्डीचे खुले सामने चालू असतात. दिवाळीत मी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आखडून यवतमाळला उतरते, तिथून एसटीनं नेर. चार दिवस मोबाइल बाजूला ठेवायचा, मामीच्या हातचं खायचं आणि लोळायचं, एवढाच प्लॅन असतो. या वेळी मात्र मला थेट ट्रान्स्फर मार्केटमध्येच बसवलं गेलं.

मामला असा. मंडळाची टीम गेली दोन वर्षं हरतेय. बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीत घरी. पण माझा भाऊ? तो सुसाट! टीमचे निम्म्याहून जास्त गुण त्याच्या एकट्याच्या चढायांचे. हरलेल्या सामन्यातही 'उत्कृष्ट चढाईपटू'ची ट्रॉफी घरी घेऊन येतो. मामीनं त्या टीव्हीच्या दोन्ही बाजूंना मांडल्यात, टीव्हीच दिसेनासा झालाय. आणि आता जिल्ह्याबाहेरच्या एका तालेवार मंडळानं त्याला मागितलंय. बदल्यात देणार काय, तर दोन कोपरे, म्हणजे कोपऱ्यात खेळणारे तयार बचावपटू. आणि त्यांची जुनी मॅट.

मॅटचा उल्लेख झाला की सगळ्यांचे डोळे लकाकायचे. नेरची पोरं काळ्या मातीत गुडघे सोलून खेळतात आणि मोठ्या स्पर्धेत मॅटवर गेली की घसरतात.

तुम्ही म्हणाल, गावच्या कबड्डीशी आम्हाला काय देणंघेणं? जरा तुमच्या ऑफिसात डोकावा. तुमच्याही टीममध्ये एकजण असतोच. सगळं टार्गेट तोच आणतो. प्रेझेंटेशन त्याचं, क्लायंट त्याचा, बॉसच्या केबिनमधला चहासुद्धा त्याचा. आणि तरीही क्वार्टर संपताना तुमची टीम तळाला. अशा वेळी कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'तो आहे म्हणून निदान इथवर तरी आहोत.' दुसरी म्हणते, 'तो आहे म्हणूनच इथे आहोत.' गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात.

मी खजिनदारांना म्हटलं, "काका, मला जरा वेळ द्या." मग रात्री मामाच्या गच्चीवर गोधडीत गुरफटून, नेटवर्क पकडत पकडत जुने निकाल उकरत बसले.

मुंबईचा जादूगार

सगळ्यात आधी आठवली ती हॉकी. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबईची टीम होती मुंबई मॅजिशियन्स. डिसेंबर २०१२च्या लिलावात त्यांनी संदीप सिंगला ६४,४०० डॉलर्सना घेतलं. त्याची मूळ किंमत होती २७,८००. घेणारच ना! ड्रॅग-फ्लिकचा बादशहा. त्याच वर्षी ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध एकट्यानं पाच गोल ठोकलेले. (२०१८चा 'सूरमा' हा सिनेमा त्याच्याच आयुष्यावर.) कोच कोण, तर ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ. कागदावर आणखी काय हवं?

संदीपनं आपलं काम चोख केलं. ११ गोल, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. आणि मुंबई? शेवटची. लक्षात घ्या, लीगमध्ये टीम होत्या पाच आणि त्यातल्या चार सेमीफायनलला जाणार होत्या. म्हणजे पूर्ण स्पर्धेत फक्त एकाच टीमला बाहेर बसायचं होतं, आणि ती एक टीम सर्वाधिक गोल मारणाऱ्याची निघाली!

सगळा दोष खेळाचा नव्हता, हेही सांगायला हवं. सीमेवरच्या तणावामुळे त्या जानेवारीत चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर निदर्शनं झाली, लीगमधल्या पाकिस्तानी खेळाडूंना माघारी पाठवण्यात आलं, आणि त्यातले चार मुंबईचे होते. स्पर्धा सुरू होता होताच टीमला भगदाड पडलं. अशा अवस्थेत कुठला कोच काय करणार?

पण हॉकीतलं एक गणित इथे समजून घेण्यासारखं आहे. ड्रॅग-फ्लिकरचा गोल हा साखळीतला शेवटचा दुवा असतो. आधी कुणीतरी प्रतिस्पर्ध्याच्या डीमध्ये घुसून पेनल्टी कॉर्नर मिळवायचा. मग एकानं बेसलाइनवरून चेंडू सोडायचा, दुसऱ्यानं तो डीच्या टोकाशी अलगद थांबवायचा आणि तेव्हा कुठे आपला हीरो येऊन चेंडू जाळ्यात भिरकावणार. फोटो त्याचा छापून येतो. बाकीच्या तिघांची नावं आपल्याला आठवत नाहीत. आणि मागे चार गोल खाल्ले तर पुढचे दोन काय कामाचे? म्हणजे टीमचं दुखणं दुसरीकडेच असू शकतं आणि स्कोअरर हा त्या दुखण्यावरचा रंगीत बँडेज असतो. (पुढे २०१६ला लीगनं नियमच बदलला, मैदानी गोल मारला की दोन गोल मोजायचे. एका रात्रीत ड्रॅग-फ्लिकरचा भाव निम्मा! आपल्या अॅप्रेझलचे निकषही असेच बदलतात, नाही का?)

मग पुढे काय? २०१४ला संदीप पंजाब वॉरियर्सच्या जर्सीत दिसला. मुंबई त्याच्याशिवाय खेळली. सुधारली? छे! त्या वर्षी सहा टीम होत्या आणि मुंबई पुन्हा सेमीफायनलच्या बाहेरच. पंजाब मात्र २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी फायनलला पोचली. दोन्ही वेळा हरली, ते सोडा. आणि मॅजिशियन्स ही टीम दोन सीझनमध्येच गायब झाली. २०१५ला तिच्या जागी दबंग मुंबई आली, तीही २०१७च्या फायनलपर्यंत गेली आणि मग अख्खी लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ टीममध्ये मुंबईचं नावच नव्हतं.

म्हणजे स्टार होता तेव्हा शेवटचा नंबर, स्टार गेला तरी तळातच. इथपर्यंत वाचून मी खजिनदारांना 'नका देऊ' असं सांगायच्या बेतात होते. पण मामेभाऊ खेळतो कबड्डी. कबड्डीचा हिशेब निघाला एकदम उलटा.

बाहुबली गेला, मुंबई वर चढली

प्रो कबड्डीत २०१८च्या सहाव्या सीझनला यू मुंबानं कोल्हापूर जिल्ह्याच्या सिद्धार्थ देसाईला ३६.४ लाखांना घेतलं. पोरानं पहिल्याच सीझनमध्ये चढाईचे २१८ गुण काढले. लोक त्याला 'बाहुबली' म्हणायला लागले. मुंबई प्लेऑफला गेली, पण एलिमिनेटरमध्ये यूपी योद्धाकडून हरून बाहेर पडली. पुढच्या वर्षी लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले, त्या सीझनचा सगळ्यात महागडा खेळाडू. मुंबईचे फॅन्स चिडले. मीसुद्धा चिडले होते, खोटं कशाला बोलू!

आणि झालं काय? हैदराबादला जाऊन सिद्धार्थनं २१७ गुण काढले, म्हणजे जवळपास तितकेच. पण टायटन्स बारा टीममध्ये अकराव्या. आणि त्याच्याविना यू मुंबा? एलिमिनेटर जिंकून सेमीफायनलला. तिथे बंगालकडून दोन गुणांनी हुकली. आदल्या वर्षीपेक्षा एक पायरी वर! कारण मुंबईनं जे टिकवलं ते चढाईत नव्हतं, पकडीत होतं. इराणचा फझल अत्राचली कॅप्टन म्हणून दोन्ही वर्षं डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून उभा होता.

पाटण्याचं उदाहरण तर याहून थेट. परदीप नरवाल, 'डुबकी किंग'. त्याच्या जोरावर पाटणा पायरेट्स सलग तीन वेळा चॅम्पियन. एका सीझनमध्ये त्याचे ३६९ गुण होते, विचार करा! मग उतार लागला. २०१९ला परदीपनं ३०२ गुण काढले, तरी पाटणा आठव्या नंबरवर. म्हणजे अगदी आपल्या नेरचीच केस: टीम हरतेय, स्टार चमकतोय. पाटण्यानं पुढच्या सीझनआधी त्याला सोडून दिलं. २०२१च्या लिलावात यूपीनं १.६५ कोटींना उचललं. त्याच्याशिवायचं पाटणा त्या सीझनच्या गुणतक्त्यात पहिलं आलं, सेमीफायनलला परदीपच्याच यूपीला हरवलं आणि फायनल फक्त एका गुणानं गमावली.

आणि तामिळ थलायवाज! २०२२ला पवन सेहरावतसाठी २.२६ कोटी मोजले आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर. सगळे म्हणाले, आता संपलं. ती टीम इतिहासात पहिल्यांदा सेमीफायनलला पोचली.

हे असं का होतं? कबड्डीचा एक नियम बघा. खेळाडू बाद झाला की बाहेर बसतो आणि आपल्या बाजूनं कुणी गुण मिळवला तरच आत येतो. म्हणजे स्टार बाहेर गेला आणि उरलेल्यांना चढाईची सवयच नसेल, तर त्याला परत आणणार कोण? प्रतिस्पर्धी मूर्ख नसतात. ते फक्त त्या एकाला धरायचा प्लॅन करून येतात. तो एकदा पकडला की पुढची पाच मिनिटं तुमची बाकीची पोरं जातात, रेषेला पाय लावतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', आणि त्यात पोरगं नेमकं डाय.

परदीप गेल्यावर पाटण्याकडे मोनू गोयत, सचिन तंवर, प्रशांत राय असे गुण वाटून घेणारे आले, आणि मागे इराणचा मोहम्मदरझा शादलू, ज्यानं त्या सीझनमध्ये सर्वाधिक ८९ पकडीचे गुण काढले. मोकळ्या झालेल्या पैशांत त्यांनी दुसरा स्टार आणला नाही, खेळायची पद्धतच बदलली. मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. उलटं बघायचं तर तेलुगू टायटन्स. सिद्धार्थ होता, अकरावे. नंतर सलग तीन सीझन बारावे, म्हणजे शेवटचे, त्यातला तिसरा तर पवन सेहरावतवर २.६०५ कोटी ओतून. खुर्चीवरचा माणूस बदलत राहिले. खुर्चीचा मोडका पाय तसाच.

मीही एकेकाळी स्टार होते!

आता थोडं स्वतःबद्दल, कारण खजिनदारांना सल्ला देताना मला सारखं तेच आठवत होतं. फ्रीलान्सिंगला लागण्याआधी मी एका पुरवणीत नोकरी करत होते. (नाव नको.) चार जणांची टीम, पण कव्हर स्टोरी म्हटली की मीच. रात्री अकराला फोन आला तरी मीच. बाकीचे तिघं सहाला घरी. मला राग यायचा, आणि खरं सांगू? थोडा माजही होता. मी सोडलं तेव्हा मनातल्या मनात खात्री होती, हे पान आता बंद पडणार.

पान रंगीत झालं. जिला मी चार वर्षं 'तिला नाही जमायचं' म्हणून साधे मुलाखतीचे चौकोन देत होते तिनं पहिल्याच महिन्यात कव्हर केलं. आणि चांगलं केलं, वाईट याचंच वाटलं! आज मी तिलाच स्टोरी आयडिया मेल करते.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर पुन्हा सगळे जमले तेव्हा मी फार शहाणपणा न करता खजिनदारांना दोनच गोष्टी विचारल्या. एक, हा गेल्यावर चढाई कोण करणार? नावं सांगा. दोन, ते दोन कोपरे पक्के आहेत की नुसतं बोलणं? कारण बदल्यात काय येतंय हे ठाऊक नसताना दिलं तर ती अदलाबदल नाही, ती नुसती विक्री. मुंबईचं उदाहरण सांगितलं, पाटण्याचंही सांगितलं. काका विचारात पडले. मग एकेक नाव निघायला लागलं. तो सायकलच्या दुकानातला. तो बारावीतला, बुटका, पण बोनस पक्का मारतो. "त्याले कधी जाऊच नाही दिलं आपन," कुणीतरी म्हणालं.

मामा मात्र भडकले. "पोरगा काय बैल आहे काय, बाजारात उभा करून रायले?" मामांचा मुद्दा खोटा कसा म्हणू? गावच्या टीमला गावचा पोरगा लागतो. त्याच्या नावावर गर्दी येते, वर्गणी गोळा होते, बारकी पोरं त्याच्यासारखा केसांचा कट मारतात. हे गुणफलकात कुठे लिहिलेलं नसतं. यू मुंबाचे फॅन्स उगीच नव्हते चिडले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन दिवस चाललेल्या या चर्चेत ज्याची चर्चा चाललीय त्याला कुणीच काही विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही! लीगमधल्या मोठ्या खेळाडूंचंही असंच होत असणार. टीम सोडते, लिलावात नाव पुकारलं जातं, आणि मग बॅग भरायची. पण हा तर समोरच उभा होता, हातात आलूबोंडा घेऊन.

मी म्हटलं, "तुला काय वाटतं रे?"

तो आधी लाजला. मग बोलला तेव्हा माझ्याकडे न बघता मैदानाच्या दिशेनं बघत बोलला. "ताई, मी औट होऊन बाहेर बसलो ना, की आपली सारी पोरं माह्याकडेच पाहतात. समोरच्याकडे कोनीच पाहत नाही. मले बाहेर बसूनबी दम लागते." थोडं थांबून म्हणाला, "आन् खांदा दुखून रायला. सहा महिन्यांपासून. तिकडे तीन रेडर हायेत म्हनतात. मले एकट्याले नाही जा लागनार."

खांद्याचं मामीलाही माहीत नव्हतं. गाडीवर एकदम शांतता. खजिनदार काका तर कढईकडेच बघत बसले.

संध्याकाळी फोनाफोनी झाली. मी गच्चीवरून ऐकत होते. काका काय घासाघीस करतात हो, एखाद्या लीगनं यांना लिलावाच्या टेबलावर बसवावं! दोन कोपरे ठरलेलेच, पण एक इथे येऊन राहणार आणि पोरांना पकड शिकवणार. गावच्या स्वतःच्या स्पर्धेत भाऊ नेरकडूनच खेळणार. आधी खांदा यवतमाळला दाखवायचा, एक्स-रेचा खर्च त्यांचा. आणि मॅट ताबडतोब. मामा शेवटपर्यंत तोंड फिरवून बसले होते, पण मॅट कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा आपल्या गोदामाची किल्ली त्यांनीच काढून दिली.

मी पुण्याला परतले. पहिला सामना नेरनं त्याच्याशिवाय खेळला, हरले तीन गुणांनी. बारावीतल्या बुटक्यानं सात गुण काढले म्हणे, त्यातले चार बोनसचे. मामीनं फोनवर सगळं सांगितलं आणि मग म्हणाली की टीव्ही आता नीट दिसतो. कारण भाऊ दोन ट्रॉफ्या नव्या ठिकाणी रूमवर घेऊन गेलाय.

काल रात्री त्याचा व्हॉट्सअॅप आला. वाटलं, नव्या टीमचं काहीतरी असेल. खांदा बरा आहे का, हे विचारायला मी टाइप करतच होते.

"ताई, काकाले सांगजो. मॅट मोजून घेतली का त्यानं? मी इथं पाहिलं, चार तुकडे यायच्याच गोदामात पडले हायेत."